पाचर

दरीतला पोलादाचा कारखाना पाडला तेव्हा
इडवलने भट्टीच्या तीनशे विटा घरी आणल्या,
माझ्या भावाच्या गाडीतून, चार खेपा.
गाडीची स्प्रिंग गेली.
गेथिन अजून नीट बोलत नाही.

विटा बिस्किटाच्या रंगाच्या,
एका अंगाला काळी, काचेसारखी झिलई:
तिथे एकतीस वर्षं वितळलेलं लोखंड टेकत होतं.
ही बाजू बाहेर ठेवायची, तो म्हणतो,
जेवणाच्या बाजूला नको.

आधी प्रत्येक विटेचे दोन तुकडे.
मग प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही गालांवरून
थोडं थोडं उतरवायचं,
पाठीला रुंद, पोटाला अरुंद,
खालच्या थरात नखभर,
वर वर जाऊ तसं बोटभर.
चौकोनातून गोल काढायचं
म्हणजे प्रत्येकीकडून थोडं मागून घ्यायचं.

करवतीवर पाणी धरायचं काम माझं.
दुधाळ राड बुटांत, बाह्यांत,
एकदा चहाच्या कपात.
पलीकडच्या मिसेस ट्रहर्न खिडक्या लावून घेतात
आणि पडद्याआडून थर मोजतात.
जूनच्या मध्यावर मला विटांचा वीट आला
आणि मी तसं बोलूनही दाखवलं.
तो म्हणाला, पाणी डावीकडे धर.

पाचर मारली की काम अडतं, असं म्हणतात.
कामगारांच्या शेवटच्या बैठकीत
कोणी कशी मारली हे त्याला अजून नावानिशी आठवतं.
इथे मात्र पाचरीच पाचरी,
एकमेकींना अडवून धरलेल्या,
आणि त्या अडण्यालाच तो घुमट म्हणतो.

मधोमध खुंटी, खुंटीला फिरती काठी,
काठीच्या टोकाला लोखंडी कोन.
वीट कोनात टेकवायची,
गिलावा धरेपर्यंत दाबून मोजायचं.
तो मोजतो वेल्शमध्ये, आजोबांच्या रीतीने:
सतरानंतर अठरा नाही,
‘दोन नऊ’.
त्या दोन नवांवर त्याची बोटं पांढरी पडतात,
यंत्रांच्या थरथरीने दिलेली पेन्शन,
थंडीत टोकांतून रक्तच निघून जातं.
हात मागे घे म्हटलं तर
तो पुन्हा एकपासून मोजतो.

शेवटी वर राहिलं एक भोक.
ना गोल, ना पंचकोनी,
एका बाजूला जरा रुसलेलं.
त्याने कागदावर आखलं, पुठ्ठा कापला,
पुठ्ठ्यावरून वीट कापली. सैल.
दुसरी घट्ट. तिसरी फुटली.
सातवी त्याने कुंपणावरून भिरकावली
आणि थोड्या वेळाने स्वतःच आणायला गेला,
मिसेस ट्रहर्नना सॉरी म्हणून.

मी आत गेले.
छत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मी पाय लाटले,
मला आखता येत नाही, दाबता येतं.
रविवारसाठी मळलेल्या पिठाचा गोळा घेतला,
कोरडं पीठ लावून वरून भोकात बसवला,
मग भट्टीच्या तोंडातून खांद्यापर्यंत आत जाऊन
खालून तळहाताने सपाट केला.
अलगद उचलला: तिरकी टोपी, एक कान मोठा.
रात्रभर फ्रीजरमध्ये.
सकाळी दगड.

हे घे, असंच काप.

त्याने तो उलटा केला, सुलटा केला,
नाकाशी नेला,
काही म्हणाला नाही.
कापायला दुपार गेली.
हातोडीच्या दांड्याने दोन टोले,
‘टण’ नाही, ‘ठप’.
मग तोंडातून काठी ओढून काढली, खुंटी काढली
आणि आम्ही दोघं ओल्या गवतात
पडतंय का ते बघत उभे राहिलो.
पडलं नाही. पाऊस मात्र आला.

पहिले पाच दिवस जाळ नुसता वर्तमानपत्राचा,
मग काटक्या, मग सफरचंदाचं एकच लाकूड.
विटांना घाम फुटला, वाफ निघाली,
डावीकडे केसाएवढी चीर गेली.
जाऊ दे, म्हणाला, तिलाही श्वास लागतो.

बाहेरून लिंपायचं अजून बाकी आहे.
पुढच्या आठवड्यात, असं तो तीन आठवडे म्हणतोय.
रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन घुमटामागे बसतो,
काळ्या झिलईवर दोन्ही पंजे टेकवून,
बोटं गुलाबी होईपर्यंत.

पिठाची वीट अजून फ्रीजरमध्ये आहे,
मटारच्या पिशवीखाली.
टाकू का विचारलं.
राहू दे म्हणाला, तिनेही माप धरलंय.