मोजणावळ

दोन नंबरच्या खिडकीवर मी बसते.
समोर बंदर, मध्ये काच, काचेवर दरपत्रक.

मुनेचिका आजोबा मंगळवारी आले
टेकडीवरच्या देवळाची दानपेटी घेऊन.
पेटी कसली, खारवलेल्या आलुबुखारांची रिकामी बरणी,
तीत धुऊन, पुसून, उन्हात वाळवलेली चिल्लर:
ॲल्युमिनियमचे एकेक येन,
फुंकर मारली तर उडतील असे.
पाचाची, भोकाची नाणी ते दोऱ्यात ओवून घरीच ठेवतात.

"चारशे बारा," ते म्हणाले, "दोनदा मोजलीत."
त्यांचं मोजणं चालत नाही. माझंही नाही.
यंत्रच मोजतं,
आणि यंत्राची मोजणावळ साडेपाचशे.

गिरणीवाल्यानं पीठ ठेवून घ्यावं
आणि वर दळणाचे पैसे मागावेत,
तसं होतं मला हे सांगताना. तरी सांगते.
"म्हणजे देवच देणं लागतो," आजोबा म्हणाले,
"एकशे अडतीस."
हसले नाहीत. हिशेब सांगत होते.

शंभरापर्यंत फुकट आहे, मी हळूच म्हटलं,
रोज शंभर आणा.
"दोनशे सात पायऱ्या आहेत, पोरी.
गुडघेही मोजणावळ घेतात."

मागे पार्सल घेऊन ओरिबे बाई, पावाच्या दुकानाच्या.
त्यांचं दुखणं उलटं. त्यांना रोज सुटे लागतात,
आणि बँक सुट्यांचेही पैसे लावते.
"नोट रात्रभर भिजत घातली
तरी फुकट मोड येत नाहीत," त्या म्हणाल्या,
आणि आजोबांच्या बरणीकडे बघत राहिल्या.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली.
एप्रन पसरला. दहा-दहाच्या ढिगल्या.
वारा आला की दोघं चार हातांनी झाकायची.
शेवटी चार नाणी शंभराची,
आणि वरच्या बारांबद्दल एक गोड पाव,
तो आजोबांनी तिथंच खाल्ला.

बाकाबद्दल नियमात काही नाही.
साकुमासाहेबांनी काचेतून पाहिलं
आणि उठून कॅलेंडरचं पान उलटलं,
महिना संपायला चार दिवस असताना.

एक येन टाकून माणूस काय मागत असेल?
बोटीचं इंजिन सुरू होऊ दे. मुतखडा पडू दे.
मीही टाकलाय,
आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.
पाकिटात पाचशेचं नाणं होतं.
बोटांना लागलं होतं.
मी एकाचं काढलं.

संध्याकाळी पाव घेतला.
परत आलेल्या पैशांत दोन येन, हलके,
आंबूस-खारट वासाचे.

कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेत.
आज शुक्रवार.
पायऱ्यांपर्यंत दोनदा जाऊन आले.