मंगळवारचं इतिवृत्त

हजर: अकरा. बाहेर उणे एकतीस.
चर्चच्या तळघरातला हीटर खोकतो आहे,
दारापाशी बावीस बुटांतून सस्कॅचवन वितळतं आहे,
आणि मी, चिटणीस, बोटांवर फुंकर घालत
लिहिते पंधरवड्याच्या बातम्या.

ओल्गा हनाटिवचा मोतीबिंदू निघाला.
ती म्हणते, इतकी वर्षं निळा म्हणून जोडला
तो जांभळा होता.
पाच गोधड्या! आता कुणाकुणाच्या घरी जाऊन सांगायचं?

व्हीन्स बहिणींचा अबोला सप्टेंबरपासून चालूच.
धाकट्या टीनानं जेवणाचं टेबल विकलं आणि
खोलीभर मशीन आणलं;
थोरल्या आग्नेटाला जिथं एक हिवाळा लागतो
तिथं त्याला एक दुपार पुरते.
येतात मात्र एकाच गाडीतून. पेट्रोल महाग आहे.

सोडतीची तिकिटं खपली दोनशे बारा.
अग्निशमन दलाच्या नव्या पंपात
आपल्या गोधडीचा वाटा: एक नळी.

प्रदर्शनात आपला तारा दुसरा आला.
परीक्षकांचा शेरा: कोपरे नेमके, पण जीव नाही.
कोपरे कॉर्नेलियाचे होते.
तिनं आज कॉफी घेतली नाही.

विषय पाचवा. ओटिली.

नोव्हेंबरात गेली. लेकीनं रेजायनाहून पाठवली
बटाट्याच्या पोत्यात घालून
तिची अर्धी राहिलेली गोधडी. चिठ्ठीत एवढंच: पुरी कराल?
चौकटीवर ताणली. नवऱ्याचे शर्ट,
धान्यकोठारातली धूळ अजून शिवणीत,
आणि अकरा डोकी वाकली.

इकडच्या काठाला टाके खसखशीसारखे,
मोजायला गेलं तर नजर घसरावी.
पुढे तांदूळ.
पुढे जव.
मग रेघ सोडून चाललेले, कुठे आडवे, कुठे लांब ढांग टाकून;
एके ठिकाणी दोरा तीनदा एकाच भोकातून गेलेला,
आपलंच दार विसरलेलं माणूस
पुन्हा पुन्हा ठोठावतं तसा.
आणि शेवटी सुई. गंजलेली. तशीच. वीतभर दोऱ्यासकट.

दर मंगळवारी यायची की.
आम्हीच तिला सुई ओवून द्यायचो.
म्हणायची, आज उजेड कमी आहे,
आणि आम्ही दिवा सरकवायचो.

कॉर्नेलिया म्हणाली, जवापासून उसवू.
लेकीच्या हाती चांगलं काहीतरी जाऊ दे.
ओटिलीनंही हेच केलं असतं;
माझी अख्खी किनार तिनं एकदा
सगळ्यांदेखत उसवली होती,
वर म्हणाली होती, रडू नकोस, दोरा तुझाच आहे.

मतं घेतली. पाच, पाच.
माझा हात कुठे होता ते लिहीत नाही.
अकरावा हात आग्नेटाचा. तो वर गेलाच नाही,
कारण त्यात एव्हाना ती गंजकी सुई होती.

घातला एक टाका. मोठा. वाकडा.
सगळ्या जिल्ह्यात जिच्या टाक्याला तोड नाही
तिनं दुसरा त्याहून वाकडा घातला.
बोटं आपसूक सरळ जायला बघत,
ती त्यांना ओढून आणी, हट्टी वासरासारखी.
कपाळावर घाम, उणे एकतीसमध्ये.
म्हणाली, चुकायला एवढा नेम लागतो
हे ठाऊक नव्हतं.

टीना खुर्ची ओढून समोर बसली.
सुई घेतली. बराच वेळ काहीच नाही.
मग, कापडाकडेच बघत:
आज उजेड कमी आहे.

आग्नेटानं दिवा सरकवला.

ठराव काही झाला नाही. चार वाजेपर्यंत
सगळ्याच बसलो, कॉर्नेलियासुद्धा,
आपापला हात बिघडवत.
मला फारसं बिघडवावं लागलं नाही.
माझे हल्ली तसेच येतात.
हे वहीत घेतलेलं नाही.

पुढची सभा मंगळवारी.
केकची पाळी माझी.