मपलं

निरोप समारंभात मी बावीस मिनिटं बोलले.
ऋणनिर्देश, कृतार्थता, दुधात साखर.
व्याकरणाची एकही चूक नव्हती
आणि कुणाला काही लागलंही नाही. मलासुद्धा.

शाल-नारळ घेऊन रिक्षात बसले.
रेल्वे फाटक बंद. शेजारी कापसाचा ट्रक,
त्यातला एक पुंजका उडून शालीवर बसला
आणि उगाच मुंजाजी आठवला.
सातवी ब, सन चौऱ्याण्णव.
'मपली माय' असा निबंध लिहिला होता पोरानं.
मी लाल पेनानं 'मपली'ला गोल केला,
वर लिहिलं : माझी.
खाली अजून सतरा गोल. दहापैकी तीन.
माय काय करायची, काय लिहिलं होतं त्यानं,
ते आठवत नाही.
गोल आठवतात.

एकतीस वर्षं सेलूत मराठी शिकवली.
'माझे तुमच्यावर प्रेम आहे.'
वाक्य शुद्ध आहे. आरशासमोर म्हणून बघितलं.
मालिकेतली बाई बोलतीय असं वाटलं,
जिला पुढच्या भागात कुणाच्या तरी दुधात
काहीतरी कालवायचं असतं.

सोमवारी निघाले.

मुंजाजीचं स्टेशन रोडला बॅटऱ्यांचं दुकान.
ॲसिडनं शर्टाला भोकं पडलेली.
निबंध त्याला आठवत नव्हता.
म्हणाला, मायला जाऊन नऊ वर्षं झाली, बाई.
मी म्हणलं, मुंजा, तू मपला हायेस रे.
तो बघतच राहिला.
मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला,
"माझा म्हणा बाई. माझा."

झुलेखाच्या तोंडात टाचण्या होत्या.
दर दिवाळीला ही बाई माझ्या ब्लाउजचं
अर्धा इंच आतून वाढवत आली,
वर "माप तेच हाय" म्हणत,
आणि मी खूश, की मी तश्शीच आहे.
परवा एक जुना उसवला तेव्हा कळलं.
जे बोलायचं ते बोलले.
टाचण्यांमधून ती म्हणाली, "हात वर करा."
टेप पाठीमागून फिरवून आणला
आणि जरा जास्तच वेळ तसाच धरून ठेवला.

राहिला लिंबाजी शिपाई.
आईच्या शेवटच्या हिवाळ्यात
मी रोज सात मिनिटं उशिरा पोचायचे
आणि रोज घंटा सात मिनिटं उशिरा व्हायची.
परिपाठ, हेडसर, साडेचारशे पोरं,
सगळी शाळा माझ्या आईच्या गोळ्यांच्या वेळेवर चालली.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
आता त्याच घंटेनं त्याचे कान गेलेत म्हणतात.
ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता.
"लिंबाजी, तुम्ही मपले."
"काय?"
"मपले! तुम्ही मपले!"
"खपले? कोण खपलं, बाई?"
तिसऱ्यांदा मी असं ओरडले
की वर्गात कधी ओरडले नव्हते.
दारं उघडली. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला.
लिंबाजी हसला, सगळं बोळकं दाखवत,
माझ्या पिशवीत दोन ओंजळी शेंगा टाकल्या.
"पहिल्याच टायमाला ऐकू आलतं," म्हणाला.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.
दिगंबरराव दारात.
एकोणीस वर्षं रोज पहाटे माझी स्कूटी
रस्त्याकडं तोंड करून ठेवतात,
मला सकाळी वळवावी लागू नये म्हणून.
त्यावर आमच्यात कधी एक शब्द झालेला नाही.
"गल्लीभर वाटप झालं म्हणं,"
शेंगांकडं बघत म्हणाले.
"मपला नंबर कधी?"

मी चपला काढत होते.
एक निघाली. दुसरीचा पट्टा अडकलेला.
मान वर करायचं धाडस होईना,
म्हणून तशीच वाकून,
पट्ट्याकडं बघत बघत म्हणलं.