आगीचं कारण

दांडिया बाजारच्या अग्निशमन केंद्रात
दुपारी दोन ते रात्री दहा मी फोनवर असते.
समोर जाड रजिस्टर. शेवटचा रकाना : आगीचं कारण.
तेल तापत ठेवून कुरिअर घ्यायला गेल्या.
पापड भाजताना ओढणी.
दूध. (नुसतं दूध. पुढे काही सांगितलं नाही.)
आणि पानापानांवर, शॉर्ट सर्किट.
शॉर्ट सर्किट हे फार सभ्य कारण आहे,
त्यात घरातल्या कुणाचीच चूक नसते.

उत्तरायणाच्या दिवशी सगळं बडोदं गच्चीवर.
आमची शिडीची गाडी कारेलीबागेत,
मांज्यात अडकलेलं कबूतर सोडवायला.
दुसरी मांजलपूरला, कुणाच्या तरी गवताला.
साडेचारला फोन वाजला.
‘आंटी, तेल सळग्युं छे.’
पोराचा आवाज. आठ, फार तर नऊ वर्षांचा.
घरमां कोण छे? बधा उपर.
गॅस बंध कर. कर्यो.
‘पाणी नाखुं?’
‘ना!’ मी इतक्या जोरात ओरडले
की सोलंकीभाईंच्या बशीत चहा सांडला.

तिकडे काहीतरी भडकल्यासारखं झालं
आणि पोरगं म्हणालं,
आई गं.

गुजरातीत घाबरणारं माणूस आई गं म्हणत नाही.
‘नाव काय रे तुझं?’
‘निमिष मोहिते.’
‘निमिष, झाकण घे. मोठं झाकण.’
‘झाकणं कुठे असतात ते आईला माहीत.’
‘बरं. कणीक मळायची परात?’
‘ती दिसतेय.’
‘दोन्ही हातांनी धर. वरून टाकायची नाही.
आपल्याकडून पलीकडे सरकवायची, दार लोटतो तशी.
आणि तोंड मागे.’
रिसीव्हर ओट्यावर आपटला.
लांब कुठेतरी, वरच्या मजल्यांवर,
काऽऽप्यो छे! थाळ्या, पिपाण्या,
आख्खं गाव आनंदात.
मी माझ्या टेबलाची कड धरून ठेवली होती.

‘ठेवली.’
‘विझलं का?’
‘दिसत नाही. परात आहे ना वर.’

हेही खरंच.
‘उचलून बघायचं नाही. ओट्यापासून लांब हो
आणि सहाशेपर्यंत मोज. मोठ्यानं.’
एक, दोन, तीन असा मराठीत निघाला,
एकोणतिसाशी अडखळला, ओगणत्रीस म्हणाला,
आणि तिथून पुढे सगळं शाळेतलं.
मध्येच कुणाचा फोन आला तर तो सोलंकीभाईंनी घेतला.
एकशे बाराला त्यानं विचारलं,
‘काकू, तुम्ही आहात ना?’
चारशेच्या पुढे आवाजात कंटाळा आला.
मुलाला कंटाळा आला की समजावं, आग गेली.

‘आईसाठी पापड्या तळत होतो,’ तो म्हणाला,
‘ती सकाळपासून उंधियूच करतेय, वर आत्ताच गेलीय.
सांगणार नाही ना?’
‘भिंत काळी झालीय का?’
‘थोडी.’
‘मग भिंतच सांगेल. त्याआधी तू सांग.
पळत जाऊ नकोस, चालत जा.’

रजिस्टर ओढलं. गाडी : पाठवली नाही.
नुकसान : एक कढई तेल, कच्च्या पापड्या.
कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं.
मोहिते, निमिष, वय आठ : असं सरकारी कागदावर?
सोलंकीभाई बशी पुसत होते. बघत नव्हते.
मी लिहिलं : शॉर्ट सर्किट.

रात्री घरी आले.
चौदा जानेवारी झाला तरी ओट्यावरच्या भिंतीला
गेल्या वर्षाचंच कॅलेंडर, डिसेंबर उघडा.
नवं लावायला जुनं खिळ्यावरून काढलं.
मागे तो होताच.
खाली चार बोटं रुंद, वर निमुळता होत गेलेला,
काजळ धरल्यासारखा.
लग्नाचं पहिलं वर्ष. भज्यांचं तेल.
तेव्हा मी ओढणीनं मारत सुटले होते,
आणि दुसऱ्या दिवशी, सगळ्यांच्या आधी उठून,
बाजारातून देवीचं कॅलेंडर आणलं होतं.
बावीस कॅलेंडरं झाली त्याच खिळ्यावर.

नवरा लसूण सोलत बसला होता.
‘हे कधीचं गं?’
‘शॉर्ट सर्किट,’ मी म्हटलं.

त्यानं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
‘तिथे तर वायरच नाही,’ म्हणाला,
आणि पुढची पाकळी घेतली.