पाणी कुठून आलं

नुऐमियाच्या त्या गल्लीत चौथ्या दिवशीही
टँकर पाणी ओढत होते.
मी बूट काढायला वाकलो
तर मोईदूट्टी म्हणाला, राहू द्या साहेब,
आत आता घाण व्हायचं काही उरलं नाही.

शिलाईची चार मशिनं, मोटर गेलेली.
कंदुऱ्याचं कापड, बावीस तागे,
खालचे नऊ तपकिरी, वरचे पांढरे,
वास मात्र सगळ्यांना सारखाच.
ईदची ऑर्डर हँगरवर होती,
फक्त घोट्यापाशी डाग, सगळ्यांना एकाच उंचीवर,
जणू तीस माणसं एकाच डबक्यातून चालून गेली
आणि कपडे इथे टाकून निघून गेली.

भिंतीवरची रेघ मी मोजली. साडेअकरा इंच.
त्यानं गळ्यातली टेप काढून पुन्हा मोजली.
अकरा, म्हणाला.
वापरून वापरून ताणलेली टेप ती,
अर्धा इंच त्याच्याच विरुद्ध बोलली.

मग मी तो प्रश्न विचारला
ज्याच्यासाठी कंपनी मला पगार देते:
पाणी कुठून आलं?

आमच्या पॉलिसीत पाण्याला जात असते.
आभाळातून पडून उंबरा ओलांडलेलं चालतं.
मोरीतून उलट चढून आलेलं चालत नाही,
त्याला वेगळा जोड घ्यावा लागतो,
वर्षाला एकशे दहा दिरहम.
फॉर्मवर त्या चौकोनात
कुणीतरी, बहुतेक एजंटनंच,
आडवी रेघ मारलेली.

तो कापायच्या टेबलावर झोपला होता.
आधी आवाज आला म्हणाला, मागच्या संडासातून,
कुणी हुक्का ओढावा तसा.
मग जाळी उचलली गेली.
रस्त्यावर पाणी होतं, पण पायरी कोरडी होती.

मी पेन थांबवलं.
अंधार असेल, म्हटलं. लाइट गेली असेल.
झोपेत माणसाला दार कुठलं, मोरी कुठली...
नीट आठवून सांगा.

त्याची हिंदी मल्याळममधून येते, माझी मराठीतून,
तरी मी काय म्हणतोय ते त्याला कळलं.
कळलं, हे मला दिसलं.

नाही साहेब. लाइट होती.
मी बघितलं ना. जाळीतूनच आलं.

‘जाळीतून.’ मी लिहिलं.
रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावं लागलं.
त्यानं सही केली, गोल गोल,
तारीख घालायची राहिली, ती मी घातली.

निघताना तो माझ्या पायांकडे बघत होता.
पँट दोन बोटं लांब आहे तुमची.
म्हणून भिजली.
माळ्यावर पायाचं जुनं मशिन आहे, ते वाचलंय.
बसा पाच मिनिटं.

बसलो.
कमरेला त्याची लुंगी,
मांडीवर त्याची फाइल.