खलातले रंग

दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी.
जेल रोडवर ऊन मोबाइलच्या काचांवरून फिरत असतं
तेव्हा मी निगुडकर सरांच्या ट्यूबा काढते.
बिस्किटाच्या डब्यात अकरा,
पोटं चिमटलेली, झाकणं दगड झालेली.

सवयीने आधी एक्स्पायरी शोधली.
कुठेच नव्हती.

ब्लेडने ट्यूब उभी चिरायची.
आत रंग, जुन्या गुळासारखा तडकलेला.
तो खलात घ्यायचा
(बाबांचा चिनी मातीचा खल,
पुड्या बांधायचे दिवस गेल्यापासून रिकामा)
आणि कुटायचा नाही, घोटायचा.
डिंकाचं पाणी.
तोंड आलेल्यांसाठीचं ग्लिसरीन, दोन थेंब.
खोकल्याच्या कपाटातला मध.
बुरशी धरू नये म्हणून
सळईच्या टोकावर लवंगेचं तेल.
दुकानभर दाढदुखीचा वास.

"दीदी, लोग आजकल पेंट खा रहे हैं क्या?"
शेजारचा इम्रान, कव्हरं टांगता टांगता.
थांब रे, म्हटलं, निळा जागा होतोय.

होतो खरा. आधी नुसती कड ओलावते,
मग एकाएकी बत्त्यामागे धावत सुटतो,
रंगपंचमीच्या संध्याकाळी
मोरीत उतरतो तसा.

गेरू लगेच आला, मातीच ती.
हिरव्याने तीन दिवस घेतले.
दोघांना मात्र पाणी शिवेना.
ते तेलाचे निघाले.
तेल एकदा आवळलं
की आमच्याकडे त्याला औषध नाही.
ते दोन गल्ल्याच्या खणात आहेत.

नऊ बाटल्या घेऊन रामबागेत गेले.
लेबलं लावली होती: हलवून वापरणे.
सरांचा उजवा हात मांडीवर,
कुणी तिथे विसरून गेल्यासारखा.
त्यांनी बाटल्या मोजल्या.
पुन्हा मोजल्या. विचारलं नाही.
मग डाव्या हाताने, माझ्याच बिलाच्या पाठीवर
निळ्याचा एक पट्टा ओढला.
वाकडा.
वाळेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"डिंक," ते म्हणाले.
जीभ जड, पण आवाज वर्गातलाच.
"जास्त झालाय. चकाकतोय बघ.
पुढच्या वेळी कमी घाल."

बिल मी घडी न घालता परत आणलं,
हातात उघडं धरून, चालत.
पलीकडच्या बाजूला लिहिलंय
क्लोपिडोग्रेल, तीस गोळ्या,
आणि तिसाच्या शून्यात
निळा थोडा आरपार आलाय.