दोरी

रावपुऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत
चौथीला आता अकरा मुलं उरलीत.
रागावणं मराठीत, टीव्ही हिंदीत,
बाकी सगळं, दूध, उधारी, पतंग, गुजरातीत.

बाहेर दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं बोडकी,
डोक्यावर रेघ नाही, ऊन थेट लागतं.
आत फळ्यावर प्रत्येक शब्दाला छप्पर.
जिगर मोहितेला ते छप्पर तेवढं दिसायचं,
खाली कोण राहतं ते नाही.
धडा वाच म्हटलं की पुस्तक उंच धरून
तो माझ्या तोंडाकडे बघे.
स्वतःचं नाव मात्र काढायचा,
रांगोळी काढावी तसं,
कुठली रेघ कशासाठी हे न विचारता.

एका शनिवारी पुस्तकं मिटली.
मंगुबेनकडून कपडे वाळत घालायची दोरी मागून आणली.
"कोने बांधवो छे?" तिनं विचारलं.
कोणालाच नाही. ही शिरोरेषा.
दोघांनी टोकं धरा,
बाकीच्यांनी अक्षरं व्हा, डोकं दोरीला टेकवून.

उर्वी शिर्के क झाली, एक हात कमरेवर.
पार्थिल य.
जिगरला कोणी घेईना,
एका जागी उभा राहत नाही ही जुनी तक्रार.
मग र हो, मी म्हटलं.
र ला ठरलेलं घर नसतं.

'सूर्य' म्हटलं, तो पार्थिलच्या खांद्यावर.
'चक्र' म्हटलं, उर्वीच्या पायाशी पालथा.
गर्दी, चढ. ग्रह, उतर.
'ट्रक'ला तर ट च्या पोटाखाली शिरून
भोंगाही वाजवला.
"बेन, र तर चोर आहे,
कुठेपण घुसतो!"

निंबाळकर सर आले, आवाज फार होतोय सांगायला.
हर्षिलचा हात भरून आला होता,
तर त्याचं टोक तेवढं धरून उभे राहिले,
तास संपेपर्यंत.

शेवटी मी म्हटलं, 'जिगर'.
तो धावत आला. वर बघितलं, खाली बघितलं.
चढायला खांदा नाही, शिरायला पाय नाहीत.
ग च्या शेजारी सबंध उभा राहिला,
डोकं दोरीला लावून.
"इथे मी नुसता उभाच?"
हो.
बराच वेळ तो हलला नाही.

दिवाळीआधीच्या चाचणीत त्यानं पाच ओळी लिहिल्या.
आधी सगळी अक्षरं, बोडकी, बाहेरच्या पाट्यांसारखी.
मग पट्टी लावून एका दमात
समासापासून कागदाच्या कडेपर्यंत
प्रत्येक ओळीवर एकच रेघ,
कुठेही न तुटलेली.

शब्द सुटे हवेत. गुण कापायला हवेत.
लाल पेन उघडून बसलेय मघापासून,
आणि बघतेय
कागदाच्या पलीकडे
दुसरं टोक कोणी धरलंय.